मूळ रिमवर रुंद टायर: स्पोर्ट्स कारसाठी मापे, निवड आणि बसवण्याची पद्धत

स्पोर्ट्स कारचे टायर झिजले की नवे घेताना एक माप रुंद घ्यावे, असा विचार बहुतेक मालकांच्या मनात येतो आणि टायरच्या दुकानातही त्याला सहसा होकारच मिळतो. होकार देण्यापूर्वी मडगार्डखाली जागा किती आहे, हे पाहिले जाते. रिमची रुंदी मात्र क्वचितच विचारली जाते. मूळ रिम कायम ठेवायची असेल तर पहिली आणि सर्वांत कठोर मर्यादा रिमचीच असते. त्यामुळे कामाची सुरुवात दुकानात न करता घरच्या अंगणात, हातात मोजपट्टी आणि कागद घेऊन करावी.

चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर टायरचे मूळ माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. काही गाड्यांच्या पट्टीवर पर्यायी मापेही दिलेली असतात. आपल्याला हवे असलेले रुंद माप त्या यादीत असेल आणि ते आपल्याच रिमसाठी दिलेले असेल, तर पुढचा बराचसा हिशेब निर्मात्यानेच करून ठेवला आहे असे समजावे. यादीत नसेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, ती म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करण्यास हे कलम मनाई करते. एमएच १३ म्हणजे सोलापूरच्या पाटीच्या गाडीलाही ते तितकेच लागू आहे, म्हणून विमा कंपनीला माप लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

यानंतर रिम वाचावी. चाक काढून आतली बाजू पाहिली की आरीच्या पाठीमागे किंवा हबजवळ ‘७जे × १७ ईटी ४८’ अशा स्वरूपाचे अक्षरांकन कोरलेले आढळते. यातील ७ म्हणजे टायरच्या दोन्ही कडा जिथे बसतात त्या दोन कडांमधील अंतर, इंचांत. १७ म्हणजे रिमचा व्यास. आणि ईटी म्हणजे ऑफसेट, अर्थात रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये. बाहेरून टेप लावून मोजल्यास रिम साधारण एक इंच जास्त भरते, कारण त्या मापात दोन्ही बाजूंच्या कडांची जाडीही येते. सात इंची रिमला आठ इंची समजून टायर घेण्याचा घोटाळा याच मोजणीतून होतो, म्हणून कोरलेला आकडाच प्रमाण मानावा.

उदाहरणासाठी टोयोटाची ८६ ही गाडी घेऊ. ती भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, परंतु तिची मापे या विषयात आदर्श ठरावीत अशी आहेत. सात इंच रुंदीच्या १७ इंची रिमवर तिला २१५/४५ आर १७ टायर येतो. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे साइडवॉल ९६.७५ मिलिमीटर आणि टायरचा एकूण व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर. यापुढचे माप २२५/४५ आर १७; त्याचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे वाढ जवळपास दीड टक्क्याची. त्याहून रुंद २३५/४० आर १७ घेतला तर व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाच्या आणखी जवळ. केवळ व्यास पाहणाऱ्याला हा तिसरा टायर उत्तम वाटेल. परंतु टायर उद्योगाच्या मानकांनुसार २१५/४५ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ ला ७ ते ८.५ इंच आणि २३५/४० ला ८ ते ९.५ इंच रुंदीची रिम चालते. आपली रिम सात इंचांची असल्यामुळे तिसरा पर्याय तिथेच बाद होतो आणि दुसराही अगदी खालच्या मर्यादेवर बसतो. दीड टक्क्याचा हा फरक चालण्याजोगा असला तरी स्पीडोमीटर पूर्वीइतकाच आकडा दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात किंचित वेगात असेल, याची जाणीव ठेवावी.

अरुंद रिमवर रुंद टायर आवळून बसवल्यास नेमके काय होते, हे समजून घेतले की मोहाला आवर बसतो. एकेरी खाटेवर दुहेरी सोलापुरी चादर अंथरल्याने खाट रुंद होत नाही, कडा तेवढ्या खाली लोंबतात. टायरचेही तसेच आहे. त्याच्या कडा आत ओढल्या जातात, साइडवॉल बाहेर फुगते आणि रस्त्याला टेकणारा मधला भाग वर उचलल्यासारखा गोलसर होतो. मग झीज मध्यावर होते, स्टिअरिंग वळवल्यावर गाडी उत्तर द्यायला क्षणभर उशीर करते आणि ज्या पकडीसाठी खर्च केला ती पूर्ण मिळत नाही.

टायरवर छापलेली रुंदीही जशीच्या तशी पदरी पडत नाही. प्रत्येक मापाची रुंदी एका ठरलेल्या रिमवर मोजलेली असते आणि त्या रिमपेक्षा आपली रिम अर्धा इंच कमी असली, की टायर सुमारे ५ मिलिमीटर आकसतो. २१५/४५ आर १७ ची रुंदी सात इंची रिमवर २१३ मिलिमीटर भरते. २२५/४५ आर १७ ची मोजणी साडेसात इंची रिमवर होते आणि तिथे ती २२५ भरते. सात इंची रिमवर ती २२० च्या आसपास येते. कागदावर दहा मिलिमीटर वाढ दिसत असली तरी प्रत्यक्षात सातच मिळाली, आणि रिम व ऑफसेट तेच असल्यामुळे ती आत-बाहेर समान वाटली जाऊन प्रत्येक बाजूला साडेतीन मिलिमीटर आली. हाच हिशेब साडेसहा इंची रिमवर २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/५० आर १६ बसवताना केला, तर वीसऐवजी सुमारे चौदा मिलिमीटर मिळतात. मूळ रिम कायम असताना एका मापाहून पुढे जाऊ नये, असे माझे मत या आकड्यांवरूनच बनले आहे.

खरे तर केवळ पकड हवी असेल, तर मूळ मापाचाच परंतु चांगल्या रबराचा टायर पुष्कळदा अधिक फरक पाडतो. रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद झाला की ते क्षेत्र आडवे पसरते आणि लांबीला आखूड होते. त्याचा लाभ वळणावर होतो, पण साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगू लागतो. सोलापूर अवर्षणप्रवण जिल्हा असला तरी सप्टेंबरच्या एखाद्या सरीत महामार्गाच्या कडेला पाणी साचायला वेळ लागत नाही.

टायरवरील भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे. ८७ म्हणजे प्रत्येक टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर. साइडवॉलवरील चार आकडी उत्पादन-तारीखही वाचावी: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन पर्याय असतील तर उंच साइडवॉलचा निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे काळ्या मातीमुळे रस्ते खचून लाटांसारखे होतात आणि खड्ड्यात आपटल्यावर रिम वाचवते ती साइडवॉलच.

आता जागेचे मोजमाप. मूळ टायर चढवलेला असतानाच आतल्या बाजूला टायर आणि शॉकअब्सॉर्बर, तसेच त्यावरील स्प्रिंगची बैठक यांच्यातील अंतर मोजावे. बोट शिरत नसेल तर पट्टीचे तुकडे किंवा ड्रिलचे दांडे सरकवून अंदाज घ्यावा. नव्या टायरच्या वाढीव रुंदीचा अर्धा भाग वजा केल्यावर तिथे किमान ५ ते ६ मिलिमीटर उरले पाहिजेत. वर स्प्रिंगच्या बैठकीखाली रुंदीबरोबर उंचीही मोजावी, कारण व्यास ९ मिलिमीटरने वाढला की त्रिज्या साडेचारने वाढते. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या आत वळलेल्या कडेचे अंतर पाहावे. पुढची चाके डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून आतले प्लास्टिकचे अस्तर तपासावे. स्थिर चाकाला मोकळी वाटणारी जागा वळवल्यावर संपते, असा अनुभव वारंवार येतो. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये काही मिलिमीटरचा फरक असतो आणि काहींचे खांदे अधिक चौकोनी असतात, त्यामुळे काठावरचे मोजमाप पुरेसे मानू नये. जागा करण्यासाठी स्पेसर लावणे किंवा मडगार्डची कडा ठोकून वळवणे हे उपाय सुचवले जातील. ते टाळून एक माप खाली यावे.

दुकानात आधी एकच पुढचा टायर बसवून घ्यावा, कारण रिमवर चढलेला टायर सहसा परत घेतला जात नाही. जुना टायर काढताना चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असल्यास कारागिराला तो आधी दाखवावा, कारण यंत्राच्या फटक्याने तो तुटतो. रिमची टायर बसणारी कडा तारेच्या ब्रशने साफ करून हवेचा नवा व्हॉल्व्ह लावावा आणि बीडला, म्हणजे टायरच्या तारेच्या कडेला, टायरसाठीचेच वंगण लावावे. ग्रीस किंवा ऑइल चालत नाही. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण किंवा ‘बाहेरची बाजू’ असा शिक्का असल्यास तो पाळावा. हवा भरताना दोन्ही कडा आवाज करून बसतात. त्यासाठी ४० पीएसआयच्या पुढे जाऊ नये. तेवढ्या दाबालाही कडा बसली नाही तर हवा सोडून पुन्हा वंगण लावावे. बसल्यानंतर रिमलगतची बारीक रेषा सर्व बाजूंनी समान अंतरावर दिसली पाहिजे. आतील शॉकअब्सॉर्बरजवळ मुलांच्या खेळातल्या मातीची छोटी गोळी चिकटवून चाक चढवावे आणि गाडी थोडी पुढेमागे घ्यावी. गोळी किती चेपली यावरून उरलेली जागा समजते. ती काढूनच पुढे जावे.

पहिले चाक निर्वेध ठरल्यावर बाकीची बसवावीत, चारही बॅलन्स करून घ्यावीत आणि नट चांदणीच्या क्रमाने, एकाआड एक, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याइतके आवळावेत. ८६ साठी तो १२० न्यूटन-मीटर आहे. आपल्या गाडीचा वेगळा असेल. हवेच्या पान्याने ठोकून आवळलेल्या नटावर मी विश्वास ठेवत नाही. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. व्हील अलाइनमेंट याच वेळी करावी.

दाब पट्टीवर दिलेला तोच सुरुवातीला ठेवावा आणि तो टायर थंड असतानाच, म्हणजे सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, मोजावा. हवा साधारण साडेपाच ते सहा अंश सेल्सिअसने तापली की दाब एक पीएसआयने वाढतो. उन्हाळ्यात सोलापुरात पहाटे २५ आणि दुपारी ४२ अंश असे तापमान असेल, तर गाडी न चालवताही सुमारे तीन पीएसआयचा फरक पडेल. दुपारी तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडून दिली तर पहाटे तोच टायर कमी दाबाचा ठरतो. दाब नीट आहे का, हे पाहण्यासाठी टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडे अंतर गाडी चालवावी. रेघ मध्यावर आधी पुसली आणि दाब पट्टीवरील आकड्याहून जास्त भरला गेला असेल तर तो त्या आकड्यापर्यंत कमी करावा, परंतु त्याच्या खाली जाऊ नये. तिथेही मध्यच पुसला जात असेल, तर टायर रिमला रुंद पडला आहे.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्याचा निसरडा थर असतो, म्हणून पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगाची वळणे टाळावीत. पुणे महामार्गावरून सावळेश्वर टोलनाक्याच्या दिशेने संथ वेगात फेरी मारली, तरी त्याचा काही भाग उरकतो. त्यानंतर मागे दोन माणसे बसवून शहरातील एखाद्या उंच गतिरोधकावरून सावकाश जावे आणि उतरून टॉर्चच्या उजेडात मडगार्डची कडा, आतले अस्तर आणि टायरचे आतले खांदे पाहावेत. घासल्याची चकाकी दिसली तर खुणेच्या जागेचे छायाचित्र घेऊन दुकानदाराशी बोलावे. ‘घासून घासून बसेल’ हे उत्तर स्वीकारू नये.

स्टेपनीचा विचार शेवटी राहून जातो. मूळ मापाची स्टेपनी जवळपास दीड टक्क्याने लहान असल्याने ती इंजिनची ताकद मिळणाऱ्या चाकांवर लावल्यास डिफरेन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला, सतत काम करावे लागते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत ती मागे, तर मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत ती पुढे लावावी, त्यासाठी एक चांगले चाक तिकडे हलवावे लागले तरी चालेल, आणि पंक्चर काढेपर्यंतच ती वापरावी. बारीक, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळावी. ती सहसा ताशी ८० किलोमीटर असते.