जनरेटर घराच्या बोर्डाला जोडण्याआधी

चेंजओव्हर स्विच (घराचा पुरवठा महावितरणवरून जनरेटरवर फिरवणारा) आधी आणा, जनरेटर नंतर. सिंगल फेज घराला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. मेन एमसीबी ३२ अँपिअरचा असेल तर स्विच ४० चा घ्या. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम लागणं हँडलच्या रचनेतच अशक्य हवं. ‘मेन पाडायचं लक्षात ठेवू’ हा भरवसा इथे चालत नाही. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसायची सवय असेल, तर ती वायर आजच कापून टाका. त्या वाटेने २३० व्होल्ट उलटे डीपीपर्यंत जातात, ट्रान्सफॉर्मर त्यांचे हजारो व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो.

स्विचची जागा मीटर आणि मेन स्विचनंतर, घरातल्या बोर्डाच्या आधी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) त्याच्याही पुढे, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांवर तो राखण करतो. अर्थिंगची वायर मात्र कुठेही तुटू द्यायची नाही. बऱ्याच छोट्या पेट्रोल सेटमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. मग गळती झाली तरी आरसीसीबी पडत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला, एवढ्यावर समाधान मानू नका, कारण त्या बटणाला अर्थिंग लागतच नाही. न्यूट्रल आणि अर्थ जनरेटरपाशी एकाच ठिकाणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. छतावर सोलर असेल तर त्याची जोडणी महावितरणच्या बाजूलाच राहू द्या.

२.५ केव्हीएचा सेट साधारण ११ अँपिअर देतो. २.५ चौरस मिमीची तीन कोअर तांब्याची केबल पुरते, अंतर २० मीटरच्या पुढे गेलं तर ४ ची. अर्ध्या एचपीचा पंप चालताना पाचशे-सहाशे वॉट घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून पंप पहिला, फ्रिज आणि पंखे मागून. गिझर, इस्त्री, एसी यांचे एमसीबी खालीच. तशी चिठ्ठी बोर्डावर चिकटवा. जनरेटर चालू असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच अडकून राहिला तर त्याचा यूपीएस मोड काढून साध्या मोडवर टाका. यूपीएस मोडला जनरेटरच्या व्होल्टेजची चढउतार सहन होत नाही.

सेट उघड्यावर, खिडकीपासून पाच-सहा मीटर तरी लांब, धूर घराकडे येणार नाही असा. गॅलरी आणि बंद पार्किंग साफ नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसासाठी वर पत्रा, बाजू मोकळ्या. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नका.

लाइट गेल्यावर बोर्डावरचे सगळे एमसीबी पाडा, इंजिन तीन-चार मिनिटं रिकामं चालवा, मीटरवर २३० च्या आसपास व्होल्ट आणि ५० ते ५२ हर्ट्झ दिसले की मगच हँडल फिरवा.