बागेत रूळ टाकताय? आधी फटी मोजा

मागच्या जानेवारीत, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी कानटोपी घालून मी परसात छोट्या मॉडेल आगगाडीसाठी २४ मीटर रूळ टाकला. तुकड्याला तुकडा असा भिडवला की नख शिरू नये. वर दोन्ही वळणं सिमेंटमध्ये पक्की केली. एप्रिलअखेरीस पेरूच्या झाडापाशी रूळ धनुष्यासारखा वाकून बाहेर आला आणि इंजिन अळूच्या वाफ्यात गेलं. आता सगळं उखडून पुन्हा टाकतोय, म्हणून ही यादी.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४५ मिलिमीटर घ्या, विषय संपला. १:२२.५ प्रमाणात ते जवळजवळ खऱ्या गाडीचं मीटरगेज होतं. (माथेरानची गाडी करायची असेल तर ती दोन फुटी, त्याच रुळावर डबे १:१३.७ च्या आसपास करावे लागतील. बघा, झेपतंय का.)

धातू. पितळ. घराबाहेर टिकतं, वीज नीट वाहून नेतं (इंजिन रुळातूनच वीज घेतं), डाग (सोल्डर) देता येतो. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, पण त्याला डाग धरत नाही, त्यामुळे इंजिन बॅटरीवर चालणार असेल तरच घ्या. स्टेनलेस स्टील सर्वांत कमी साफसफाई मागतं, पण कापताना आणि वाकवताना घाम काढतं. खेळण्याच्या संचातले पोकळ पत्र्याचे रूळ बाहेर ठेवू नका, पहिल्याच पावसात गंजतात. पितळेचं एकच दुखणं, भंगारवाल्यालाही ते आवडतं. फाटकाजवळून लाइन नेऊ नका. रुळांखालचे आडवे स्लीपर उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकचेच आहेत ना, विचारून घ्या. साधे असतील तर ठिसूळ होऊन तुटतात.

वळण जागा असेल तेवढं मोठं. ६० सेंटिमीटर त्रिज्येवर छोटी दोन आसांची इंजिनं फिरतात, पण लांब डबे बिचकतात. १.२ मीटर जमलं तर उत्तम.

आता फटी. पितळ दर अंशाला मीटरमागे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. आकडा क्षुल्लक वाटतो, मलाही वाटला होता. जानेवारीच्या सकाळी रूळ १० अंशांवर, मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापून ६० वर. फरक ५० अंश, म्हणजे १० मीटरला साडेनऊ मिलिमीटर. माझ्या २४ मीटरना जवळपास २३! ते जाणार कुठे? अळूत. दीड मीटरचे तुकडे असतील तर थंडीत टाकताना प्रत्येक जोडाला दीड मिलिमीटर फट ठेवा. मोजायला जुनी दोन एटीएम कार्डं एकावर एक धरून मध्ये घाला, बरोब्बर तेवढी जाडी होते. ३० सेंटिमीटरचे तुकडे असतील तर एक व्हिजिटिंग कार्ड पुरे. भर उन्हात टाकत असाल तर उलट, जवळजवळ भिडवा. ॲल्युमिनियम याहून जास्त वाढतं, फट थोडी मोठी ठेवा. आणि कार्डं काढायला विसरू नका; हसू नका, होतं तसं.

जोडणी करताना हीच फट जपायची आहे. स्क्रूने आवळायचे क्लँप फक्त पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्याच्या) आजूबाजूला लावा. बाकीकडे सरकणारी फिशप्लेट (दोन तुकडे जोडणारी पट्टी), आत वीजवाहक ग्रीस, आणि जोडावरून एका रुळापासून दुसऱ्यापर्यंत मऊ वायरचा तुकडा, ढिला, मधे झोळ देऊन. ताणून डाग दिलात तर वायर तरी तुटेल नाहीतर डाग. घाईत फिशप्लेटवरच डाग देऊन जोड पक्का केलात तर पुन्हा माझ्यासारखं, फट गेली. डाग द्यायला जड सोल्डरिंग आयर्न, १०० वॅटच्या वरचं, आणि झटपट. रेंगाळलात की स्लीपर वितळतो. वीज एकाच टोकाला देऊ नका. अडीच चौरस मिलिमीटरची वायर खालून फिरवून दर पाच-सहा मीटरला रुळाला जोडा, नाहीतर लांबच्या टोकाला गाडी रांगते.

खालची जमीन. आमच्याकडे काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वीतभर खणून काढा, मुरूम ठोका, वर क्रशरची बारीक टोकदार खडी. नदीतली गुळगुळीत वाळू नको, पाण्याबरोबर निघून जाते. रूळ खडीवर नुसता टेकलेला असू द्या. सिमेंट नाही. वळणावर तर अजिबात नाही, कारण वाढलेला रूळ तिथेच बाजूला सरकून जागा करून घेतो. थोडक्यात, तीसुद्धा एक फटच.

साफसफाई: कोरडी घासणी. आईने प्रेमाने चिंचेने घासून दिले होते. आंबट पाणी फिशप्लेटांत शिरलं आणि आत हिरवं झालं. तिला सांगितलेलं नाही.

लेव्हल बघा. मुंग्या बघा. पावसाळ्यात डबे घरात.

आणि मेमध्ये एकदा दुपारी दोन वाजता, छत्री घेऊन, सगळ्या जोडांवरून चालत जा. एखादी फट पूर्ण मिटलेली दिसली तर तिथली खडी सैल करून तुकडा सरकवा, लगेच, संध्याकाळची वाट न बघता.