चाळिशीत पुन्हा गिअरची गाडी? घाटात या चुका टाळा

पुण्याच्या ट्रॅफिकला वैतागून ऑटोमॅटिक घेतलेली माणसं सुट्टीला साताऱ्यात येतात आणि घरची जुनी गिअरची गाडी बाहेर काढतात. समर्थ मंदिर मागे पडलं, यवतेश्वरचा घाट सुरू झाला, की दोन वळणांत चेहरा बदलतो. लायसन्स नवीन हातात पडलं तेव्हाची खुमखुमी परत येते. ही मजा खरी आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण त्या वयातल्या हौसेबरोबर त्या वयातल्या सवयीही परत येतात. त्यातल्या बऱ्याच तेव्हाही चुकीच्याच होत्या. फक्त क्लच प्लेटचं बिल वडील भरत होते.

माझ्या मते गिअरच्या गाडीतली मजा वेगापेक्षा वेळेवर टाकलेल्या गिअरमध्ये जास्त आहे. आणि ते वय वाढल्यावर अधिक चांगलं जमतं, कारण कुणाला काही दाखवायचं उरलेलं नसतं. तेवढ्यासाठी खालच्या गोष्टी सांभाळा.

चढावर हाफ क्लच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सप्टेंबरात कासला फुलं बघायला गर्दी उसळते. 2012 साली पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तर शनिवार-रविवारचं विचारूच नका. घाटात रांग लागते आणि बरेच जण ब्रेक न दाबता, हाफ क्लच (म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच) आणि थोडी रेस यांच्यावर गाडी तोलून धरतात. बाहेरून बघणाऱ्याला हे कौशल्य वाटतं. आत मात्र इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरत असतं, क्लच प्लेट जागच्या जागी असते आणि दोन्ही एकमेकांवर घासत असतात. थोड्याच वेळात करपल्याचा वास सुटतो, आणि आपण म्हणतो, पुढच्या गाडीचा असेल.

गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि डावा पाय क्लचवरून पूर्ण काढा. निघताना पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडत या. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा, जरा रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी इंचभरही मागे सरकत नाही. हा क्लच धरण्याचा क्षण आवाज न ऐकताही पायाला कळू लागला, की निम्मी गाडी आली म्हणायची. डिझेल गाडी इथे सोपी जाते, रेस न देताही ओढून घेते. लहान पेट्रोल गाडीला थोडी रेस द्यावीच लागते, नाहीतर ती बंद पडते.

हँडब्रेक ओढून निघणं हे नवशिक्याचं लक्षण, असा एक समज आपल्याकडे आहे. मागे एसटी चिकटून उभी असेल तेव्हा हा समज बाजूला ठेवावा. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, पण तो ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंदच गाडी धरतो. त्याच्या भरवशावर इकडेतिकडे बघत बसू नये.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे चालत्या गाडीत क्लचवर नुसता टेकवलेला पाय. त्या वजनानेही रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर प्लेट सुटी करणारं बेअरिंग, झिजत राहतं. क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती वापरा. आणि सीट पुढे घ्या. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पोट सुटलं म्हणून सीट मागे सरकवली की क्लच अर्धवट दाबला जातो आणि मग गिअर खर्रकन वाजतात.

उतारावर न्यूट्रल

पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. कार्ब्युरेटरच्या काळात या हिशेबात थोडंफार तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ते उलटं झालंय. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावं लागतं.

पैशांचं सोडा, ब्रेकचं बघा. पाचगणीपासून वाईपर्यंत साधारण बारा किलोमीटरमध्ये रस्ता पाचशेहून जास्त मीटर खाली येतो. तेवढा सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकला तर ते तापतात आणि ऐन वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचं तर अवघडच आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या जिवावर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंगही जड होतं.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा आहे: ज्या गिअरवर घाट चढलात, त्याच गिअरवर उतरा. म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या टप्प्यात तिसरा. अरुंद रस्त्यावर समोरून चढणारी गाडी आली तर आधी वाट तिची. नियमही तेच सांगतो.

गिअर उशिरा टाकणं

चढावर चौथ्यात गाडी धडधडायला लागते तरी हात गिअरकडे जात नाही. ऑटोमॅटिकची सवय दुसरं काय! मग ॲक्सिलरेटर तळाला नेला जातो, गाडी तशीच गुदमरते, आणि वळणाच्या मधोमध घाईने दुसरा गिअर पडतो. सगळ्यांची मान पुढे.

गिअर वळणाच्या आधी टाका. ब्रेक मारून वेग कमी करा, क्लच दाबा, तिसऱ्यातून दुसऱ्यात या आणि क्लच सोडायच्या आत ॲक्सिलरेटरला हलकासा स्पर्श करा, म्हणजे इंजिनाचा वेग नव्या गिअरच्या जोडीला येतो. क्लच सोडलेला मागच्या सीटवरच्या माणसाला कळतही नाही. मला विचाराल तर सगळी मजा या एका गोष्टीत आहे, आणि ती ताशी तीस किलोमीटरलाही पुरेपूर मिळते. जुन्या ट्रकसारखा दोनदा क्लच मारायची गरज नाही. आताच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांना सिंक्रोनायझर असतात, ते गिअरांचे वेग आपोआप जुळवून घेतात.

ऊस गाळपाच्या दिवसांत हेच ज्ञान सपाटीवर कामाला येतं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडायला पाचव्यात ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नसतो. आधी तिसरा टाका, समोरचा रस्ता बघा, मग निघा. छोट्या टर्बो इंजिनांत हे जास्तच पाळावं लागतं, कारण कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टर्बोचा जोर आलेलाच नसतो.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

रिव्हर्स पडत नसेल तर दांडा रेटू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा आणि मग टाका. पडतो.

उतारावर गाडी लावताना तोंड वरच्या बाजूला असेल तर पहिला, खालच्या बाजूला असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा, हँडब्रेक शिवाय हवाच. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर ऑटोमॅटिकमध्ये बसल्यावर डावा पाय मागे घेऊन ठेवा. क्लच समजून ब्रेकवर पडलेला पाय मागच्या दुचाकीस्वाराला भारी पडतो.

दुखणं कुठलं ते कसं ओळखायचं

चढावर आरपीएम वाढतो, पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय; घाटात जायच्या आधी गॅरेज गाठा. क्लच दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलची गाडी असेल तर केबल, नाहीतर क्लचच्या ऑइलची पातळी आणि गळती बघून घ्या. घाटात वास आलाच तर मोकळ्या जागी गाडी लावून निवांत थंड होऊ द्या. खालून पाणी वगैरे मारू नका.

प्लेट बदलायची वेळ आली तर मेस्त्रीला प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि बेअरिंगही तपासायला सांगा, झिजली असतील तर त्याच वेळी बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते, पुन्हा भरावी लागत नाही. नव्या प्लेटवर पेडल हलकं लागतं आणि क्लच वेगळ्या ठिकाणी धरतो. म्हणून गाडी मिळाली त्याच दिवशी कासला निघू नका. आधी सपाट, रिकाम्या रस्त्यावर पायाला नवी जागा कळू द्या.