डोक्याला मार लागल्यानंतर पुन्हा कामाला आणि व्यायामाला लागताना

बॅडमिंटनच्या डबल्समध्ये आम्ही दोघंही मधल्या शटलवर गेलो. पार्टनरचं कोपर माझ्या कानशिलात बसलं आणि मी मागच्या मागे कोर्टवर आपटलो. शुद्ध गेली नाही. उठलो, स्कोअर विचारला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तोच विचारला. त्यावरून समोरच्या जोडीतल्या एकाने मला बाहेर बसवलं. मी आपण होऊन बसलो नसतो.

शुद्ध हरपली नाही म्हणजे कन्कशन, म्हणजे हादऱ्याने मेंदूचं काम तात्पुरतं विस्कटणं, झालं नाही, असं नसतं. बहुतेकांची ती हरपतच नाही.

आधी घाईचं सांगतो. डोकेदुखी वाढतच चाललीय, उलट्या पुन्हापुन्हा होताहेत, बोलणं अडखळतंय, हातापायातली ताकद गेलीय किंवा मुंग्या येताहेत, फिट आली, एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, माणूस जागा करूनही नीट जागा होत नाही, नाका-कानातून पाण्यासारखं काही येतंय, यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लक्षणं नसली तरी दाखवून या.

माझा सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही. सीटी बघतो तो रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर. कन्कशन त्यात दिसत नाही. हादऱ्याने मेंदूतल्या पेशींच्या आतबाहेर होणारी पोटॅशियम-कॅल्शियमची ये-जा विस्कटते, ती पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा थोडा आखडलेला असतो. म्हणून वरून धडधाकट दिसणारा माणूस अर्ध्या तासाच्या गप्पांनी गळून जातो.

मी केलेली पहिली चूक म्हणजे पडदे ओढून पाच दिवस पडून राहिलो. 'पूर्ण विश्रांती' म्हटल्यावर मला तेवढंच कळलं. पाचव्या दिवशी डोकं तितकंच जड होतं, वर मान आखडलेली, झोप उडालेली आणि चिडचिड इतकी की बायको खोलीत यायचंही टाळू लागली. आता सल्ला तसा नाही. २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला कन्कशनवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथल्या तज्ज्ञांचं म्हणणं सरळ आहे: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती. घरातल्या घरात वावरा, झोप आली तर झोपा, मोबाइल आणि टीव्ही अगदी कमी, दारू नको. त्यानंतर सोसेल तसं चालायला लागा. बफेलो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो मार लागलेल्या १३ ते १८ वयाच्या खेळाडूंवर होता. हलका एरोबिक, म्हणजे चालणं-सायकलसारखा, व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. चार दिवसांचा फरक कमी वाटेल. अंधाऱ्या खोलीत काढून बघा.

आता 'सोसेल तसं' म्हणजे किती? माझं सगळं बरं होणं या एका प्रश्नावर उभं होतं, आणि त्याचं उत्तर आकड्यात आहे. त्रासाला ० ते १० मध्ये नंबर द्या. काही करण्याआधी एक, करताना एक, तासाभराने एक. नंबर दोनपेक्षा जास्त चढला नाही आणि तासाच्या आत मूळ जागी आला, तर तेवढं चालतं. त्याहून जास्त झालं तर थांबा आणि उद्या त्याहून कमी करा.

माझ्या वहीतली सहाव्या दिवसाची नोंद: 'चालणं १५ मिनिटं. आधी २, शेवटी ३, अर्ध्या तासाने २.' पास. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं. अकराव्या दिवशी सकाळी नंबर ० होता. त्या आनंदात मी कपाट आवरलं, दोन तास फोनवर बोललो, संध्याकाळी जोरात चालून आलो. रात्री ६, आणि तो उतरायला दोन दिवस गेले. वाईट दिवशी माणूस आपोआप जपतो. घात चांगल्या दिवशी होतो, म्हणून त्या दिवशी ठरलेल्यापेक्षा एक मिनिटही वाढवू नका.

व्यायामाची सुरुवात ठोके मोजून करा. २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा अंदाज येतो. माझं वय ४४, म्हणजे १७६. हलक्या टप्प्यात त्याच्या ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९७ च्या आसपास. ते जमलं की ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२३. जागेवरची सायकल मला धावण्यापेक्षा बरी पडली, डोकं हिंदकळत नाही. वजनं उचलताना श्वास कोंडला की कपाळात ठणका बसायचा, म्हणून ती बरीच नंतर. आणि बुटाची लेस! खाली वाकलो की गरगरायचं. दोन आठवडे मी पाय खुर्चीवर ठेवून लेस बांधली.

रोजच्या कामांनी मात्र व्यायामापेक्षा जास्त छळलं, कारण त्यांना आपण श्रम म्हणतच नाही. मी मुद्रितशोधक आहे. पहिल्यांदा प्रूफ हातात घेतलं तेव्हा एकाच पानावर 'आशिर्वाद' तीन वेळा सुटला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ओळी सरकायच्या, खालची वर यायची. मग ओळीखाली पट्टी धरली, स्क्रीनऐवजी कागद घेतला आणि गजर लावला: १५ मिनिटं वाचन, १० मिनिटं डोळे मिटून. नंबर चढला नाही तर दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. स्क्रीनवर वाचण्यापेक्षा वरखाली सरकणारा मजकूर जास्त त्रास देतो. चारजण एकदम बोलतात ती बैठक, चालत्या गाडीत मागे बसणं, रांगाच रांगा असलेलं मोठं दुकान, हे सगळं वहीत 'व्यायाम' म्हणूनच लिहा.

ऑफिसात 'बरं नाही' एवढंच सांगू नका. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लोक विसरतात. मी लिहून दिलं: पहिला आठवडा चार तास, बैठक एकच, खिडकीपासून लांबचं टेबल. ते पाळलं गेलं.

गाडी स्वतः चालवणं डॉक्टरांना विचारूनच. मान झटकन वळते का आणि वळवल्यावर घेरी येते का, हे आधी घरात बघा.

डोकेदुखीच्या गोळ्यांचं एक. सुरुवातीला रक्तस्राव नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. पुढे साध्या गोळ्याही महिन्यात १५ दिवसांवर गेल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं.

बहुतेकजण महिन्याभरात बरे होतात. माझी घेरी चार आठवड्यांनंतरही हटेना. तेव्हा फिजिओथेरपिस्टने मान आणि तोल दोन्ही तपासले. निम्मा त्रास मानेचा निघाला. नजर एका ठिपक्यावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, इतका साधा व्यायाम, पण पहिल्या दिवशी २० सेकंदांत मळमळलं. तुमचंही चार आठवड्यांपुढे रेंगाळलं तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका.

कोर्टवर परततानाही पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला किमान २४ तास. आधी एकट्याने नुसतं फुटवर्क. समोर कोणी नाही, शटल नाही. एवढं थोडा त्रास असतानाही चालतं. त्यापुढचं, म्हणजे जोडीने सराव आणि मग मॅच, विश्रांतीत आणि दमल्यावरही नंबर ० राहायला लागल्यावरच, आणि डॉक्टरांच्या होकारानंतर. फुटबॉल, कबड्डीसारख्या अंगाला अंग लागणाऱ्या खेळात मॅचच्या आधी पूर्ण धक्काबुक्कीचा सराव ही वेगळी पायरी असते, ती गाळू नका. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर बरं व्हायला फार वेळ लागतो. कोवळ्या वयात क्वचित मेंदूला सूज येऊन जिवावरही बेततं. घरात खेळणारं मूल असेल तर त्याच्या 'मी ठीक आहे' वर सोडू नका.

मी मॅच खेळलो ती सातव्या आठवड्यात, एकच गेम. पार्टनर तोच होता. आता मधल्या शटलला 'माझं!' असं ओरडल्याशिवाय आमच्यात कोणी रॅकेट उचलत नाही.