चिलगोजे: घेणं, भाजणं, सोलणं आणि खाणं

दिवाळीच्या सुमारास रविवार पेठेत सुकामेव्याच्या दुकानात लांबट तपकिरी चिलगोजे, म्हणजे एका पाईनच्या झाडाच्या बिया, दिसतात, भाव ऐकून आपण काजू घेऊन परत येतो. माझं म्हणणं, १०० ग्रॅमच घ्या पण सालासकट घ्या. सोललेले लवकर खवट होतात, कारण दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. घेताना एक फोडून चावून बघाच, गोडसर लागला तर घ्या, जुन्या तेलासारखा वास आला तर सरळ नको म्हणा. आणि आखूड, तिकोनी, सोललेले पांढरे पाईन नट्स मिळतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच पाईनचे असतात, त्यातल्या काही जातींचे खाल्ले तर एक-दोन दिवसांनी तोंड कडू पडतं आणि ते बरेच दिवस टिकतं.

आपल्या देशात हे मुख्यतः हिमाचलच्या किन्नौरमध्ये होतात, तिकडे याला न्योझा म्हणतात. झाड जबरदस्त चिवट, साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, खडकाळ कोरड्या उतारावर, बर्फात उभं राहतं. पण शंकू (ज्यात बिया असतात) पिकायलाच दुसरं वर्ष उजाडतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते उघडायच्या आत तोडावे लागतात, मग वाळवून झोडून बिया काढायच्या. एवढी मेहनत आहे म्हणून मला तो भाव खटकत नाही. सगळेच शंकू तोडले तर नवीन रोपं उगवणार कुठून, ही तिथली खरी काळजी आहे. पुण्यात कुंडीत लावायचा नाद मात्र सोडा, त्याला कडक थंडी लागते.

भाजायचं असं, लोखंडी कढईत जाड मीठ गरम करा, त्यात चिलगोजे टाका आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत रहा, हात थांबवू नका, साल करपायच्या आधी आतला दाणा करपतो आणि बाहेरून कळत पण नाही. चाळून मीठ काढा. कोमट असतानाच सोला, टोकाशी नखाने दाबलं की साल तडकते. जास्त असतील तर पोळपाटावर पसरून लाटणं अगदी हलकं फिरवा, जोर दिलात तर भुगा होईल.

नुसते खाण्यात मजा आहेच, पण शिऱ्यात बेदाण्यांबरोबर तुपात परतून घाला, पुलावावर शेवटी भुरभुरा. मला सगळ्यात आवडते ती चटणी, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे चिलगोजे, एक लसूण पाकळी, मिरची, लिंबू, मीठ, पाणी अगदी थोडं, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा नाहीतर गरम होऊन तेल सुटतं. गरम भाकरीवर लावून खा.

उरलेले सालासकट हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा, पावसाळ्यात बाहेर राहिले तर मऊ पडतात. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.