सप्ताहाचं रेकॉर्डिंग कानाला टोचतं? या चुका टाळा

हरिनाम सप्ताह उठला की बीड-परभणीकडच्या गावांत कीर्तनाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर फिरू लागतं. कीर्तन रंगलेलं असतं, चाली चोख असतात, तरी दहा मिनिटांत ऐकणाऱ्याचे कान थकतात. दोष बहुतेक वेळा स्वस्त माइकचा नसतो, लेव्हल (आवाज किती जोरात नोंदवायचा ते) आणि माइकची जागा चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निरूपण चालू असताना लेव्हल लावणं. एकट्या बुवांच्या बोलण्यावर ती बरोबर वाटते. मग गजर सुरू होतो, पंधरा-वीस टाळ एकदम वाजतात. टाळाचा ठोका क्षणभराचाच, पण फार उंच जातो. तो शून्य डेसिबलला, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेला, भिडला की लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि नंतर तो पुरता सुधारत नाही. म्हणून लेव्हल गजरातच लावा: सगळे टाळकरी जोरात असताना सर्वांत उंच ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. रेकॉर्डरवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (न दाबलेली) फाईल ठेवली तर निरूपण हळू आलं तरी नंतर वाढवता येतं. ऑटो लेव्हल बंदच करा. ती टाळ वाजताच गाणं दाबते आणि टाळ थांबले की पंख्याची घरघर वर आणते.

फोन भोंग्यासमोर ठेवू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन आउट (थेट वायरने येणारा आवाज) घ्या, पण ती रेकॉर्डरच्या लाईन इनमध्येच. माइकच्या खाचेत घातली तर आवाज फाटणारच. इको शून्यावर आणायला सांगा, नाहीतर अभंगाचे शब्द एकमेकांवर चढतात.

नुसतं मिक्सरचं रेकॉर्डिंग मात्र कोरडं लागतं, कारण टाळांना सहसा माइक नसतो. दुसरा रेकॉर्डर टाळकऱ्यांसमोर दोन-तीन मीटरवर, छातीच्या उंचीला ठेवा. सुरुवातीला बुवांच्या माइकजवळ एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फाईली जुळवता येतील. दहा मीटर अंतराला आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, न जुळवता मिसळलं तर टाळ दुहेरी ऐकू येतात.

मृदंगाच्या माइकवर लो कट (खालचा खोल आवाज कापणारी सोय) लावू नका. डाव्या पुडीला कणीक लावतात ती त्या खोल धूमसाठीच. तीच कापली तर उरते नुसती टकटक. बुवांच्या माइकला ८० हर्ट्झचा लो कट चालेल. मंडपातल्या पंख्याचा झोत माइकवर येत असेल तर फोमची टोपी हवीच.

पत्र्याच्या किंवा दगडी सभामंडपात आवाज घुमतो. तिथे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, मागच्या भिंतीला जाड सतरंज्या टांगा.

शेवटची चूक फाईल पाठवताना होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलं की आवाजही दाबला जातो आणि टाळ पाण्यातून वाजल्यासारखे येतात. ३२० केबीपीएसची एमपीथ्री करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ वेव्ह फाईल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा, कारण दाबलेल्या फाईलची पुन्हा मोठी फाईल केली तरी गेलेला आवाज परत येत नाही.