एकोचं गाणं: ग्रीक कथेवरून सिंगल आणि व्हिडिओ कसा करावा

ग्रीक पुराणकथेवर गाणं करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत पांढरे झगे, पानांचे मुकुट आणि थर्माकोलचे खांब यांची यादी निघते. मी कोल्हापुरात गाणी लिहिते आणि त्यांचे व्हिडिओही करते. असं काम घेऊन कुणी आलं की ती यादी बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, या कथेतला नियम कोणता? मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणताना ऑर्फियसने मागे वळून पाहायचं नाही. पाताळात पळवून नेलेल्या पर्सेफोनीने तिथलं काही खाल्लं की तिची पूर्ण सुटका नाही. एको या वनदेवतेला स्वतःहून बोलता येत नाही. हा नियम चालीत, शब्दांत आणि कॅमेऱ्यात उतरला की गाणं त्या कथेचं होतं. खांब त्यानंतर, पैसे उरले तर.

नवीन माणसाने एकोची कथा घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिचा नियमच आवाजाचा आहे. म्हणून पुढचं सगळं तिच्यावरूनच सांगते.

आधी कथा, आणि एकच

एको आणि पाण्यातल्या स्वतःच्याच चेहऱ्यावर भाळलेला नार्सिसस, यांच्या कथांची वेगवेगळी रूपं आहेत. ग्रीक लेखक लाँगसच्या कादंबरीत एको रानाचा देव पॅनला नकार देते, वेडे झालेले मेंढपाळ तिचे तुकडे करतात, धरती ते पोटात घेते आणि तिथूनही ते गात राहतात. ग्रीक प्रवासलेखक पॉसेनियसने ग्रीसच्या बिओशिया प्रदेशातल्या थेस्पिआई गावाजवळचा नार्सिससचा झरा सांगितला आहे. त्याच्याकडे एक रूप असंही आहे की नार्सिसस पाण्यात आपल्या मेलेल्या जुळ्या बहिणीचा चेहरा शोधत होता. आणि तिसरं रूप रोमन कवी ओव्हिडचं, इ.स. ८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या तिसऱ्या भागातलं. तिन्ही आवडतील, पण साडेतीन मिनिटांत एकच मावते. ओव्हिडची घ्या, कारण एको आणि नार्सिसस तिथे समोरासमोर येतात.

ती नीट वाचा, सारांशावर भागवू नका. ओव्हिडची एको मुळात बोलकी आहे. ज्युपिटर, म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, वनदेवतांबरोबर असताना ती त्याच्या बायकोला बोलण्यात गुंतवून ठेवायची. ते उघडकीला आलं आणि शाप मिळाला: दुसऱ्याच्या वाक्याची फक्त शेपटी परत म्हणता येईल. मग शिकारीत सोबत्यांपासून चुकलेला नार्सिसस रानात हाक मारतो आणि ती तेवढंच परत देते. तो तिला झिडकारतो. ती गुहांमधून राहते, झिजते, हाडांचे दगड होतात, आवाज उरतो. पुढे नार्सिसस पाण्यातल्या चेहऱ्यावर जीव टाकतो आणि एका क्षणी ओळखतो की तो आपणच. तो लहान असताना टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याने भविष्य सांगितलं होतं की हा म्हातारा होईल, पण स्वतःला ओळखलं नाही तरच.

या कथेला मी कधीच ‘एकतर्फी प्रेमाचं गाणं’ म्हणत नाही. जिची ताकद बोलण्यात होती, तिचं बोलणंच काढून घेतलं, हे तिचं दुःख आहे. ते निसटलं तर उरतो फक्त आरशात बघणारा देखणा मुलगा.

शब्द: शेपटीपासून मागे लिहा

गाण्याचा आराखडा कथाच देते. पहिला अंतरा पूर्ण एकोचा, भरभर, श्वास न घेता, शब्दांची गर्दी. मग शाप. त्यानंतर तिला स्वतःची एकही ओळ द्यायची नाही. अगदी ध्रुवपदातसुद्धा नाही. गायिका हट्ट करेल, निर्माता म्हणेल की हुक, म्हणजे गाण्याचा लक्षात राहणारा तुकडा, तिच्या आवाजात हवा, ऐकू नका. हुक तिच्याच आवाजात येईल, पण नार्सिससच्या ओळीची शेपटी म्हणून.

म्हणजे ओळ अशी हवी की तिचा शेवटचा तुकडा सुटा पडला की अर्थ फिरावा. ओव्हिडने लॅटिनमध्ये हेच केलंय. मराठीत याच्या दोन अडचणी आहेत. आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे सरळ नकार लिहिला तर एकोही नकारच परत देईल आणि तिचं प्रेम दिसणार नाही. शिवाय आपली क्रियापदं लिंग दाखवतात. तो ‘येतो’ म्हणाला तर तिलाही ‘येतो’च म्हणावं लागेल. म्हणून नकार आधी उरकून टाका आणि शेपटीला आज्ञार्थ किंवा लिंग न दाखवणारं रूप ठेवा. मी अशा ओळी करते:

कुणी आहे इथे? (आहे इथे.)
दूर हो, म्हणू नकोस जवळ ये. (जवळ ये.)
मरेन, पण म्हणणार नाही, घे मला. (घे मला.)

पहिलीत फक्त सूर बदलतो, प्रश्नाचं उत्तर होतं. दुसऱ्या-तिसरीत नकाराचं बोलावणं होतं. आधी शेपटी लिहायची, ती एकटी म्हणून बघायची, तिच्यात हाक असेल तरच पुढचा भाग जोडायचा. शेपटी तीन ते पाच अक्षरांची ठेवा. लांब झाली की ऐकणाऱ्याला तो साधा कोरस वाटतो.

ब्रिजमध्ये, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या भागात, नार्सिससची एकच ओळ, ‘तो मीच’. इथे एकोने काय परत द्यावं हा खरा निर्णय आहे. मी ‘मीच’ एवढंच देते. त्याचं सत्य तिच्या तोंडी आलं की तिची हाक होतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ओव्हिडचं मूळ कुणाच्या मालकीचं नाही, पण आजची भाषांतरं असतात. त्यातल्या ओळी उचलू नका, प्रसंग घ्या.

आवाज: प्लगइन नव्हे, माणूस

अरेंजर, म्हणजे वाद्यरचना करणारा, लगेच नार्सिससच्या आवाजावर डिले (आवाज उशिराने पुन्हा ऐकवणारं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअर) लावून मोकळा होतो. तसं केलं तर त्याचाच आवाज परत येतो आणि एको गाण्यातून नाहीशी होते. प्रत्येक शेपटी गायिकेकडून वेगळी गाऊन घ्या. नार्सिसस गाणाऱ्याला माईकच्या अगदी जवळ ठेवा, त्याचा आवाज कोरडा, कुठलाही इफेक्ट न लावता. तिला चार-पाच फूट मागे उभी करा. मिक्समध्ये तिच्या आवाजातलं ३०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे जाड, आणि साधारण ४ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे टोकदार, कमी करा. डिले फक्त तिच्या आवाजावर, तोही गाणं पुढे जाईल तसा वाढवत न्या.

वेळ मोजून लावा. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ९६ बीपीएमला मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. त्याची ओळ संपल्यावर दोन मात्रांनी, म्हणजे सव्वा सेकंदाने तिचं उत्तर आलं तर ते तालातही बसतं आणि डोंगरातही: आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे जाऊन परत येणारी हाक जवळपास २१५ मीटरवरच्या कड्याची झाली. दुसऱ्या ध्रुवपदात ती चार मात्रांनी आणा. ऐकणारा गणित करत नाही, पण ती लांब गेली हे त्याला जाणवतं.

वाद्यं तिच्या झिजण्याबरोबर काढत चला. सुरुवातीला भरलेली अरेंजमेंट, शेवटी फक्त बेस आणि तिची शेपटी. पॉपमध्ये शेवटचं ध्रुवपद मोठं करायची सवय असते. इथे ते कथेच्या विरुद्ध जातं.

व्हिडिओ: सगळा पैसा पाण्यावर

तलावावर जाऊ नका, निदान क्लोजअपसाठी नाही. ऊन वर आलं की वारा सुटतो आणि प्रतिबिंब तुटतं. आवारात किंवा गोदामात विटांचा चौकोन रचा, वर काळी ताडपत्री, चार बोटं पाणी. अगदी जवळच्या शॉटला आतून काळा रंग दिलेली मोठी परातही पुरते. तळ काळा हवाच, कारण पाणी सरळ वरून बघितल्यावर जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. तिरक्या कोनात ते प्रमाण वाढतं. म्हणून कॅमेरा खाली आणा, प्रकाश पाण्यावर न टाकता चेहऱ्यावर टाका, आणि भरपूर टाका.

फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवला तर प्रतिबिंब धूसर येतं. चेहरा पाण्यापासून जितका वर, तितकंच त्याचं प्रतिबिंब पाण्यामागे असतं, आणि फोकस तिथे न्यावा लागतो. याचा फायदा घ्या: पाण्यावर एक पान सोडा, आधी पानावर फोकस, मग हळूहळू चेहऱ्यावर. नार्सिससला चेहरा दिसण्याचा क्षण एवढ्यानेच उभा राहतो.

माझा सगळ्यात आवडता शॉट पोलरायझर फिल्टरचा, म्हणजे लेन्सवर लावून चकाकी कापणाऱ्या काचेचा, आहे. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात कॅमेरा ठेवला तर फिल्टर फिरवून प्रतिबिंब जवळपास पुसता येतं. या एका शॉटपुरते ताडपत्रीवर खडे पसरा. तो हात पाण्यात घालतो त्याच क्षणी फिल्टर फिरवा: चेहरा जातो आणि खाली नुसते खडे दिसतात. एडिटमध्ये काहीही करावं लागत नाही.

स्लो मोशनमध्ये ओठ गाण्याशी जुळवायचे असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करा आणि २५ वर चालवा. छोट्या ओळींचा सराव आधी करून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत. पाण्याचे शॉट उभ्या फ्रेममध्येही घ्या. वर चेहरा, खाली प्रतिबिंब, ही रचना मोबाइलच्या पडद्यासाठीच बनल्यासारखी बसते.

एकोला ओठ फक्त शेपटीवर हलवायला सांगा. बाकीच्या वेळी ती बोलायला बघते आणि जमत नाही. अभिनय इथे आहे, निवड करताना हेच करून बघा. पहिल्या अंतऱ्यात ती पूर्ण दिसावी, मग अर्धी, मग फक्त हात, मग झाडामागची हालचाल, आणि शेवटच्या ध्रुवपदात दगड आणि आवाज. तिच्या शॉट्सची यादी याच उतरत्या क्रमाने लिहा. ओव्हिडचा नार्सिसस सोळा वर्षांचा आहे, तुम्ही मात्र प्रौढ कलाकारच घ्या.

कपडे आणि जागा

ग्रीक म्हणजे पांढरं, हा समज रंग उडालेल्या पुतळ्यांमुळे झाला. ते मुळात रंगवलेले होते. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस संग्रहालयातल्या ‘पेप्लॉस कोरे’ या तरुणीच्या पुतळ्यावर रंगाच्या खुणा आजही आहेत. कायटॉन हा ग्रीक पोशाख म्हणजे खांद्यावर पिनांनी अडकवलेलं आयताकृती कापड, शिवण फारशी नाहीच. साडी आणि उपरण्याची सवय असलेल्या हातांना ते चटकन जमतं. इचलकरंजीचं साधं सुती कापड घ्या आणि मंजिष्ठेचा लाल, केशरी पिवळा, निळा असे रंग द्या. पॉलिस्टरचा सॅटिन टाळा, तो चमकतो आणि त्याला चांगली घडी पडत नाही.

मोठ्या बजेटची मंडळी खरी ठिकाणं घेतात. लेडी गागाने २०१४ मध्ये ‘जी.यू.वाय.’ या गाण्याचा व्हिडिओ कॅलिफोर्नियातल्या हर्स्ट कॅसल या हवेलीच्या नेपच्यून पूलवर चित्रित केला. पण छोट्या तपशिलानेही काम होतं: रॅपर लिल नास एक्सच्या २०२१ च्या ‘मॉन्टेरो’च्या व्हिडिओत झाडाच्या खोडावर प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मधलं ग्रीक वाक्य कोरलेलं आहे. ग्रीसमधल्या पुरातत्त्वीय जागांवर चित्रीकरणाला तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते, आपल्याकडच्या संरक्षित स्मारकांना पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) दात्यांची नावं आहेत आणि आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला, ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा चिमुकला कांस्य पुतळा आहे, तरी एकोला ओढून इथे आणू नका. ती बिओशियाच्या रानातलीच राहू दे. तो पोसायडन मात्र जाऊन बघा. धातूत अंगाचा तोल कसा पकडलाय ते तुमच्या नटाला दाखवण्यासारखं आहे.

प्रकाशित करताना

गीतकार आणि संगीतकाराची नोंद आयपीआरएसमध्ये, म्हणजे त्यांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेत, आधी करा, वाटणी कागदावर लिहून सह्या घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा कोड लागतो. तो बहुतेक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ऑनलाइन ॲप्सवर पोचवणारा, देतो. गाणं निदान तीन-चार आठवडे आधी त्याच्याकडे पोचवा. वर्णनात ‘ओव्हिड, मेटामॉर्फोसेस, भाग तिसरा’ असं स्पष्ट लिहा आणि पूर्ण शब्द द्या, एकोच्या शेपट्या कंसात. आणि श्रेयनामावलीत एको गाणारीचं नाव कोरसमध्ये ढकलू नका, मुख्य गायिका म्हणून पहिल्या ओळीत घ्या.